मान असलेली काडतुसं

विजयाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात सूप पीत होते. बुधवार होता, दुपारचा एक वाजला असेल. "जेवलीस का?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, जेवतेच आहे. "मग आधी जेवून घे, नंतर कर फोन." पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. तिकडे टेक्सासमध्ये, प्लेनोच्या त्यांच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता, तो बंद केल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "अगं, हे गेले सकाळी. पेपर उचलायला ड्राइव्हवेवर गेले, वाकले... आणि उठलेच नाहीत." मी काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की सूपचा वाटीएवढा कागदी पेला हातात धरून मी लिफ्टपर्यंत गेले आणि तो कुठे ठेवावा हे मला सुचेना.

यशवंत वाघोले, म्हणजे विजयाकाकूंचे यजमान, माझे नात्याने कोणी नव्हते. काकूंचं माहेर नागपूरचं, आणि माझी आई त्यांच्या धाकट्या बहिणीबरोबर शाळेत शिकवायची, एवढाच धागा. मी २००१ सालच्या मार्चमध्ये प्लेनोला आले, सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून, वर्क व्हिसावर. नोव्हेंबरात माझ्या कंपनीनं एका शुक्रवारी आमच्या अख्ख्या टीमला ले-ऑफ केलं. व्हिसा कंपनीच्या नावावर, अपार्टमेंट दोघींत, आणि दुसरी मुलगी पुण्याला परत निघालेली. हे काकूंना कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काका त्यांचा जुना पिकअप घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "वृंदाबाई, सामान किती आहे?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट न पाहता मायक्रोवेव्ह उचलला. पुढचे चार महिने मी त्यांच्याकडे राहिले. त्यांची मुलगी अश्विनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, एका बायोटेक कंपनीत होती. तिची खोली मला मिळाली, तिच्या शाळेतल्या ट्रॉफ्यांसकट.

पहिल्या आठवड्यात मी लॉन्ड्रीसाठी गॅरेजमध्ये गेले आणि दचकले. एका भिंतीशी लांब लाकडी बाक, त्यावर घट्ट बसवलेलं हातदांड्याचं प्रेस, दिव्याखाली भिंग, आणि प्लास्टिकच्या डब्यांमध्ये शेकड्यांनी पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं. कोपऱ्यात कुलूप लावलेलं लोखंडी कपाट. त्या दिवसांत टीव्हीवर अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक वळून बघत होते, आणि मी ज्या मराठी घरात आसरा घेतला होता त्या घरात ही काडतुसं, आणि कपाटात नक्कीच पिस्तुलं! मी कपडे मशिनमध्ये टाकले. संध्याकाळी जेवताना काकूच म्हणाल्या, "माझ्या सवती बघितल्यास वाटतं?" काका मान खाली घालून हसले. वरणभात संपल्यावर त्यांनी टेबलावर दोन काडतुसं उभी केली. एक सरळसोट, लिपस्टिकसारखं. दुसरं खाली रुंद, मग एकदम खांदे उतरलेले, वर बारीक मान, त्या मानेत गोळी. हुबेहूब छोटी सुरई.

"यातलं सुंदर कोणतं?" त्यांनी विचारलं. मी सुरईकडे बोट दाखवलं. "मग आपलं जमेल," ते म्हणाले. त्यांचं सगळं वेड त्या एका आकाराचं होतं. पिस्तुलाची काडतुसं बहुतेक सरळ असतात. बाटलीसारखी, म्हणजे मान असलेली, फार थोडी. एक गोळी सुटली की पिस्तूल पुढचं काडतूस आपलं आपण नळीत ढकलतं, आणि सरळ काडतूस कधीमधी तोंडाशी अडकतं. "अंधारात सुई ओवण्यासारखं आहे ते. आणि हे?" त्यांनी सुरई उचलून माझ्या मुठीच्या पोकळीत अलगद सोडली. "हे नरसाळ्यात पाणी ओतल्यासारखं. तोंड बारीक आणि शिरायची जागा ऐसपैस. चुकायला वावच नाही." शिकार त्यांनी आयुष्यात केली नाही. चिकनसुद्धा काकू बनवायच्या म्हणून खायचे. रेंजवर जाऊन कागदावरच्या वर्तुळांवर नेम धरायचा आणि घरी येताना पायांशी पडलेल्या स्वतःच्या पुंगळ्या वेचून आणून प्रेसवर पुन्हा भरायच्या, एवढाच त्यांचा शौक. मला तर वाटतं, नेम हे निमित्त होतं. पुंगळ्या वेचायला मिळाव्यात म्हणून ते गोळ्या झाडत.

त्यांच्या आवडीची घराणी ठरलेली होती. सात पॉइंट त्रेसष्ट, सात पॉइंट बासष्ट आणि सात पॉइंट पासष्ट. मिलिमीटरची ही मापं ते भावंडांची नावं घ्यावीत तशी घेत. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत जन्मलेलं त्रेसष्ट, त्याचंच रशियात वाढलेलं आडदांड रूप म्हणजे बासष्ट. नव्वदच्या दशकातलं अमेरिकन थ्री फिफ्टी सेव्हनही त्यांच्याकडे होतं. त्याला ते जावई म्हणत, कारण ते घरात उशिरा आलं आणि आवाज फार करायचं. पण जीव सगळा पासष्टवर, त्यांच्या भाषेत 'बुटकी'वर. हिची आई चांगली उंच होती. पिस्तुलाची मूठ माणसाच्या हातात नीट मावेना, म्हणून बनवणाऱ्यानं पुंगळीच तोकडी केली. "ताकद जरा कमी झाली, पण हातात बसली," काका सांगायचे. "पुढे कुणीतरी हिची मान मोकळी करून सरळ करून टाकली, त्यात जाड गोळी बसवली, आणि तीच जगभर चालली. आता बुटकीला कोण विचारतो?" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर खाली यायचा... एखाद्या हुशार पण मागे पडलेल्या बहिणीबद्दल बोलावं तसा.

हे वेड कुठून आलं ते मला डिसेंबरातल्या एका थंड दुपारी कळलं. मी दिवसभर रेझ्युमे पाठवायची आणि कंटाळा आला की गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्यासमोर पुंगळ्या निवडत बसायची. मानेला बारीकशी चीर गेलेली पुंगळी वेगळी काढायची. मला ते छान जमायला लागलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "माझे वडील बत्तीस वर्षं हेच करत होते." पुण्याजवळच्या सरकारी कारखान्यात ते पुंगळ्या तपासायचे. कारखान्यातून टाचणीसुद्धा घरी आणायची नाही असा नियम, आणि वडील नियमाचे पक्के. मुलानं फारच हट्ट धरला तेव्हा त्यांनी क्वार्टरच्या शहाबादी फरशीवर खडूनं आकार काढून दाखवला : हे बूड, हा खांदा, ही मान. आईनं संध्याकाळी फरशी पुसली. "मी पहिली खरी पुंगळी हातात धरली ती इथे आल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी. बाबा तोवर गेले होते." काका शिकले मेटलर्जी, आयुष्यभर इथल्या कारखान्यांमधून तेलाच्या पाइपांचे जोड तपासत राहिले, पण पितळ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्याशेजारच्या कोठारात ठेवलेली काडतुसं कुणी हात न लावता आपोआप तडकायची, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. बाहेरून पुंगळी चकचकीत दिसायची. ती घडवताना धातूच्या पोटात ताण राहून गेलेला असायचा, आणि हवा बदलली की तो चीर होऊन बाहेर पडायचा. "मग उपाय काय?" मी विचारलं. त्यांनी एक पुंगळी चिमट्यात धरून तिची मान छोट्या ज्योतीवर फिरवली, रंग पालटेपर्यंत. "थोडी ऊब द्यायची. घाई करायची नाही."

त्याच हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा रेंजवर गेले. सप्टेंबरपासून ते तिकडे फिरकले नव्हते. कोणी काही म्हटलं नव्हतं, पण आपण पिस्तुलाची पेटी घेऊन पार्किंगमधून चालत जावं आणि कोणी काही समजावं, हे त्यांना नको होतं. डेल नावाचा त्यांचा मित्र होता, स्कूल बस दुरुस्त करणारा मेकॅनिक, रेंजवरचा वीस वर्षांचा सोबती. तो एका शनिवारी सकाळी घरी आला, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, "यश, तू येणार नसशील तर मीही जाणार नाही. आणि मी घरी बसलो तर माझी बायको तुला जबाबदार धरेल." आम्ही गेलो. शेजारच्या लेनमधला एक तरुण काकांकडे रोखून बघत होता. मग मोठ्यानं म्हणाला, "याला इथे कोणी आत घेतलं?" डेल पुढे सरकला, पण काकांनी त्याचा दंड धरला. त्यांनी स्वतःची पेटी उघडली, एक बुटकी त्या तरुणाच्या पुढ्यात उभी केली आणि विचारलं, "असं काडतूस पाहिलंयस कधी?" त्यानं पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी तो काकांचं जुनं जर्मन पिस्तूल हातात घेऊन नेम धरत होता आणि काका त्याचा कोपर सरळ करत होते. परतताना मात्र ते गाडीत, घराच्या वळणावर म्हणाले, "प्रत्येक वेळी आपणच का समजावायचं, कंटाळा येतो गं..."

मार्चमध्ये मला जवळच आयर्व्हिंगला नोकरी मिळाली, पुढच्या वर्षी लग्न झालं आणि आम्ही जर्सी सिटीला आलो. फोन नियमानं व्हायचे. मला नेम धरायला शिकवायचं काकांनी कबूल केलं होतं, त्याची मी प्रत्येक फोनवर आठवण करायची. २००४च्या शेवटी शेवटी ते विषय टाळायला लागले. "हल्ली हात थरथरतो," म्हणाले. पुढच्या वर्षी डिसेंबरात आम्ही दोघं प्लेनोला गेलो तेव्हा घरी दुपारच्या जेवणाला महाराष्ट्र मंडळाची दहाबारा माणसं होती. मी आधी गॅरेजमध्ये डोकावले. लोखंडी कपाट नव्हतं. बंदुकीच्या दारूचे डबे, गोळ्यांची खोकी, काहीच नव्हतं. बाक, प्रेस आणि रिकाम्या पुंगळ्या तेवढ्या होत्या. मला राग आला. माझा काय संबंध, पण आला. काहीतरी माझंही त्या कपाटात होतं असं मला वाटत असावं. पंगतीत सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काय काका, टेक्सासमध्ये एवढी वर्षं काढून शेवटी भ्यालात ना?" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, मराठी माणूस शेवटी मराठी माणूसच, यार. काकांनी माझ्या पानात तूप वाढलं आणि म्हणाले, "हो गं. भ्यालो."

त्यानंतर आमच्यात काही बिघडलं असं नाही. पण मी फोन कमी केले हे खरं आहे. केले तर काकूंशी बोलायची. काका मागून ओरडून काहीतरी विचारायचे आणि काकू तो प्रश्न मला सांगायच्या. गेल्या दिवाळीत ते स्वतः फोनवर आले होते. रायफलची मोठी पुंगळी कापून, दाबून, तिची मान घडवून त्यांनी त्रेसष्टची नवी पुंगळी बनवली होती. मूळ पुंगळ्या आता मिळत नाहीत म्हणून. "भरायची नाहीये," ते म्हणाले, "नुसती बघायला बनवली. तू ये, दाखवतो." मी म्हटलं, बघते, सुट्टी मिळते का. आमचं शेवटचं बोलणं ते...

फेब्रुवारीत मी गेले ती त्यांना निरोप द्यायला. अश्विनी आणि तिचा नवरा बॉथेलहून आले होते. सगळं आटोपल्यावर अश्विनीला कामावर परतावं लागलं आणि मी दोन आठवडे काकूंजवळ राहिले. एका सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी सहज म्हटलं, काकांनी ती पिस्तुलं काढायला नको होती, निदान त्यांचा वेळ तरी आनंदात गेला असता. काकूंचे हात थांबले.

"तुला त्यांनी सांगितलं नाही कधी?"

"काय?"

"माझ्यामुळे गेली ती."

मग काकूंनी सांगितलं. मेथीच्या काड्या एकेक करून मोडत, माझ्याकडे न बघता. २००४च्या उन्हाळ्यात त्यांना काहीतरी व्हायला लागलं. झोप लागेना, भूक लागेना, आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. "कारण विचारू नकोस. सगळ्यांनी कारण विचारलं. कारण नव्हतंच. मुलगी सुखात, घर सुखात, आणि मला सकाळी डोळे उघडले की वाटायचं, कशाला उघडले." मंडळात त्या हसतमुखानं वाढत होत्या, मला फोनवर भाज्या सांगत होत्या. कोणालाच कळलं नाही. आणि मग ऑक्टोबरात एका सकाळी चहा घेताना त्या काकांना म्हणाल्या, "त्या कपाटाची किल्ली तुम्ही कुठे ठेवता ते मला माहीत आहे."

"एवढंच म्हटलं मी. पुढचं मागचं काही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. कप खाली ठेवला, उठले, आणि डेलला फोन लावला. तासाभरात त्याचा ट्रक दारात. कपाट, दारू, काडतुसं, वडिलांच्या फोटोशेजारी एक बुटकी ठेवली होती तीसुद्धा. सगळं गेलं. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, चल, चहा गार झाला, नवा करतो. मला एक शब्द विचारला नाही गं, वृंदा. दुपारी डॉक्टरकडे घेऊन गेले."

पुढची दोन वर्षं दर मंगळवारी काका त्यांना डॉक्टरकडे नेत, बाहेर पार्किंगमध्ये बसून राहत, आणि येताना दोघं एका डोनटच्या दुकानात कॉफी पीत. गोळ्या लागू पडायला वेळ लागला. पहिलं औषध बदलावं लागलं, मग दुसरंही. पण हळूहळू काकू उठल्या. जगाला मात्र काकांनी सांगितलं की माझे हात थरथरतात. डेलला तेच, अश्विनीला तेच, मला तेच. लोक चेष्टा करत, ते करू देत. बायकोचं दुखणं चारचौघांत चघळलं जाऊ नये म्हणून त्या माणसानं स्वतःच्या हातांना बोल लावून घेतला, आणि मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच पंगतीत, त्यांना भित्रा म्हणून मोकळी झाले.

मी काकूंना ते वाक्य सांगितलं. त्यांच्या लक्षात होतं. "मी तेव्हा आत कढी गरम करत होते. ऐकलं मी. बाहेर येऊन सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. रात्री त्यांना विचारलं, लागलं का? तर म्हणाले, अगं तिनं खरं तेच सांगितलं. मी इतका कधी भ्यालो नव्हतो."

मी खूप रडले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मेथी धुवायला घेतली.

त्या शनिवारी डेल आला. तोही आता सत्तरीला टेकलाय. काकूंनी त्यालाही सांगितलं, इंग्रजीत, अडखळत. तो टोपी हातात घेऊन ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "विजया, मला काय झालं ते माहीत नव्हतं. पण त्याचे हात थरथरत नव्हते एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी त्यानं एकट्यानं कपाटाची एक बाजू उचलली होती." मग तू विचारलं का नाहीस, मी म्हटलं. "त्यानं सांगितलं नाही म्हणून," डेल म्हणाला. सगळी पिस्तुलं त्यानं तेल देऊन, कापडात गुंडाळून ठेवली होती, साडेतीन वर्षं, त्यातलं एकही न झाडता. काकू त्याला म्हणाल्या, आता ती तुझीच. वडिलांच्या फोटोशेजारची बुटकी मात्र त्यानं परत आणली होती, आतली दारू काढून, निव्वळ शोभेची करून. ती अश्विनीकडे बॉथेलला गेली. तिनं मला ई-मेल केला, तिच्या मुलानं विचारलं, 'इज धिस अ टाइनी बॉटल?'

हे लिहू का, असं मी काकूंना विचारलं. पेपरात लिहायचं म्हणजे सगळ्यांना कळणार. "लिही," म्हणाल्या. "त्यांनी झाकलं ते माझ्यासाठी. मला आता झाकायचं नाही. कोणाच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, आणि कपाटही असेल, तर वाचू दे तिच्या नवऱ्याला."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी अश्विनीच्या खोलीत बॅग भरत होते. भिंतीपलीकडून, गॅरेजमधून, घरघर ऐकू यायला लागली. बारीक, एकसुरी, आत काहीतरी खुळखुळत असल्यासारखी. क्षणभर मला वाटलं... काय वाटलं ते सांगायला नको. मी गॅरेजमध्ये गेले. बाकाखाली पुंगळ्या स्वच्छ करायचं मशिन असतं, घमेल्याएवढं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून पुंगळ्या टाकल्या की ते तासन्‌तास थरथरत राहतं आणि पितळ उजळून निघतं. ते चालू होतं. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. मी घरात आले तर काकू दिवाणखान्यात सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या, अंगावर शाल घेऊन, डोळे मिटलेले.

"काकू, ते मशिन तुम्ही लावलंत?"

"हो गं. एरवी या वेळी तू बाहेर गेलेली असतेस. हे जेवून तिकडे बसायचे तेव्हा लावायचे. पस्तीस वर्षांत मी दुपारची कधी शांततेत झोपलेच नाही. आता शांततेत डोळा लागत नाही." त्यांनी शाल वर ओढली. "सव्वाचारला बंद करते. पुंगळ्या पुसून डब्यात ठेवते, उद्या परत त्याच घालते. तशा आता त्या स्वच्छच आहेत."

मी समोरच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळानं काकूंचा श्वास संथ झाला. घरघर चालू होती. सव्वाचार वाजले तरी त्या उठल्या नाहीत, आणि मीही मशिन बंद करायला उठले नाही.